उशाशी बसणाऱ्यांचा शब्द

पुण्या-मुंबईतल्या, आणि अलीकडे नाशिक-कोल्हापुरातल्याही, मध्यमवर्गीय घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की दोन फोन होतात. पहिला फॅमिली डॉक्टरांना, दुसरा काळजीवाहक पुरवणाऱ्या ब्यूरोला. ब्यूरोवाला ठरलेले प्रश्न विचारतो: पेशंट बाई की पुरुष, वजन साधारण किती, नळी घातलीय का, ड्यूटी बारा तासांची हवी की चोवीस. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला पिशवीत गाऊन, डबा आणि मोबाइलचा चार्जर घेऊन एक बाई दारात उभी राहते. घरातले तिला मावशी म्हणतात. पुरुष आला तर मामा. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाचं शरीर तिच्या ताब्यात जातं. अंघोळ, शी-शू, कूस बदलणं, औषध, घास, रात्रीची जाग. आणि पुष्कळदा शेवटचा श्वासही तिच्यासमोरच जातो.

मरणाच्या गोष्टी आपण कुणाला विचारतो? डॉक्टरांना, वकिलाला, गुरुजींना, न्यू जर्सीतल्या थोरल्या मुलाला. यांच्यातल्या एकानेही त्या माणसाच्या शेवटच्या रात्री पाहिलेल्या नसतात. जिने पाहिल्या तिला कुणी विचारत नाही. उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे या चर्चेत ती चहा आणून ठेवते आणि बाहेर जाते. माणूस गेल्यावर हिशेब करून तिला मोकळं केलं जातं. हा तिच्यावर अन्याय आहे, हे कुणीही कबूल करील आणि विसरून जाईल. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. तिचा शब्द धरला जात नाही म्हणून मरणारा जास्त हाल सोसून मरतो, आणि मागे राहिलेले जास्त काळ कुढत राहतात.

याच्या उलट घडल्याचं एक मोठं उदाहरण आपल्याच परळमध्ये आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. त्यानंतर 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे जवळपास 42 वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी सुरुवातीला सांभाळलं त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी आलेल्यांनी काम पुढे चालवलं. इतकी वर्षं अंथरुणात असलेल्या देहाला पाठीवर व्रण पडले नव्हते. नर्सिंगमधलं ज्याला थोडंफार कळतं त्याला या एका गोष्टीचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही. लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणाताईंच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात दयामरणाची याचिका केली, तेव्हा न्यायालयाने 7 मार्च 2011 च्या निकालात निष्क्रिय दयामरणाचा, म्हणजे जगवून ठेवणारे उपचार थांबवण्याचा, दरवाजा किलकिला केला, पण ती याचिका फेटाळली. त्या निकालातला एक मुद्दा आपल्या चर्चेत फारसा येत नाही. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने सांगितलं की तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, कारण रात्रंदिवस त्यांना सांभाळलं ते त्यांनी.

अरुणाताईंना जगू द्यावं, हा केईएमच्या परिचारिकांचा निष्कर्ष मला पटतो असं नाही. शुश्रूषा करणाऱ्याला आपण सांभाळलेला जीव सोडवत नाही, आणि न सोडवणं म्हणजे त्या जिवाचं हित असं दरवेळी म्हणता येत नाही. तरी बोलण्याचा पहिला हक्क त्यांचा, हे तत्त्व मला बिनतोड वाटतं. सांभाळणाऱ्याचं मत अंतिम मानू नका. पण आधी ते ऐका. देशाच्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने मान्य केलेली ही गोष्ट आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मात्र पोचलेली नाही.

ती काय सांगू शकते, असं कुणी विचारील. शेवटच्या आठवड्यातलं अगदी साधं काम घेऊ: तोंड साफ करणं. माणूस तोंडाने श्वास घ्यायला लागला की जीभ कोरडी ठक्क पडते, टाळूवर चिकट थर धरतो, ओठांना चिरा जातात. जाणती मावशी बोटाला स्वच्छ गॉज गुंडाळते, कोमट पाण्यात बुडवते आणि घट्ट पिळून घेते, कारण थेंब घशात उतरला तर ठसका लागेल. डोकं एका अंगाला वळवून आधी गालाच्या आतून, मग हिरड्यांवरून, शेवटी जिभेवरून बोट फिरवते. दात मिटलेले असतील तर ओढाताण करत नाही, हनुवटीला बोटं लावून थांबते. थोड्या वेळाने जबडा आपसूक सैल पडतो. मग ओठांना बोटभर तूप. दोन-तीन तासांनी पुन्हा तेच. हे करताना तिच्या बोटांना कळतं की गिळणं थांबत आलंय. डाव्या कुशीवर वळवलं की कपाळाला आठी पडते, उजव्या कुशीवर पडत नाही, म्हणजे दुखणं कुठे आहे तेही कळतं. काल रागाने बोट चावणारा माणूस आज काहीच विरोध करत नाही, याचा अर्थही तिला लागतो.

ही माहिती पुढे कुठेच जात नाही. डॉक्टर येतात, नाडी बघतात, दारात उभ्या मुलाला विचारतात, "झोप कशी आहे बाबांना?" मुलगा म्हणतो, "ठीक आहे." मुलगा रात्री शेजारच्या खोलीत दार लावून झोपलेला असतो, त्याचा दोष नाही, त्याला सकाळी ऑफिस आहे. मावशी पलंगाच्या पायथ्याशी उभी असते. ती मध्येच बोलली तर आगाऊ ठरते, न बोलली तर काम नीट केलं म्हणून बरी ठरते. मग ती न बोलणंच पत्करते.

दुखण्याच्या बाबतीत याची किंमत फार मोठी पडते. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन परवान्यांच्या जाळ्यात असं अडकलं की डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीला ते वापरायची सवयच लागली नाही. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट बरीच सोपी झाली. घरातली भीती मात्र तशीच आहे. ज्याच्या हातात पंधरा दिवस आहेत त्याला गोळीची सवय लागेल म्हणून आपण काळजी करतो! ती गोळी चार तासांनी द्यायची की सहा तासांनी, मधल्या वेळात कण्हणं वाढतं का, पोट किती दिवस साफ झालं नाही, हे सगळं ज्या बाईला माहीत असतं तिच्याकडून एका वहीत लिहून घेतलं तरी डॉक्टरांचं निम्मं काम होईल. पॅलिएटिव्ह, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना कमी करणाऱ्या, पथकांची पद्धत हीच असते. डॉक्टर, नर्स, समाजसेवक, काळजीवाहक एकत्र बसतात आणि रुग्णाबद्दल प्रत्येकाला काय दिसलं ते सांगतात. आपल्याकडे वांद्र्याला 1986 साली शांती अवेदना सदन सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र 1997 पासून आहे. पण बहुसंख्य माणसं अशा संस्थांच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. ती मरतात घरी किंवा आयसीयूत, आणि घरी ही पद्धत नाही.

गंमत अशी, की आधुनिक हॉस्पिसची कल्पनाच मुळात उशाशी बसलेल्या बाईची आहे. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या. पाठदुखीने ते काम सुटलं तेव्हा रुग्णालयात समाजसेविका झाल्या, आणि चाळिशीला टेकता टेकता डॉक्टर. 1967 मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. मरणाऱ्याचं दुखणं शरीराचं असतं तसंच मनाचं, पैशाचं, नात्यांचं आणि श्रद्धेचंही असतं, हे त्यांनी वैद्यकशास्त्राला ठणकावून सांगितलं. हे त्या शिकल्या रुग्णांचं ऐकून. डॉक्टर झाल्या त्या आपलं कुणीतरी ऐकावं म्हणून, असं म्हटलं तरी चालेल.

सगळ्यात मोठी भांडणं होतात ती जेवणावरून. शरीर मिटत आलं की भूक जाते, तहान कमी होते, आतडी काम थांबवतात. माणूस घास तोंडात धरून ठेवतो, मान फिरवतो, दात मिटतो. मुलगी नोकरीवर निघताना बजावते, "मावशी, वाटीभर पेज तरी गेलीच पाहिजे." संध्याकाळी वाटी किती रिकामी झाली यावर मावशीची परीक्षा होते. तिला दिसत असतं की चमच्यागणिक घशात घरघर वाढतेय. जबरदस्तीने घातलेला घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया ठरलेला. पण वाटी भरलेली दिसली तर "तुम्ही प्रयत्नच करत नाही" हे ऐकावं लागणार. मग कुणी ढकलून भरवते, तर कुणी गुपचूप मोरीत ओतते. दोन्ही वाईट, तरी दुसरी त्यातल्या त्यात दयाळू म्हणायला हवी.

मुलीची बाजूही समजून घ्यायला हवी. तिला घाबरवते ती "उपाशी मारलं" ही चार लोकांची कुजबुज. या समाजात ही भीती असावी हे मात्र मला चमत्कारिक वाटतं. विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी आणि औषध सोडलं आणि 15 तारखेला देह ठेवला. सावरकरांनी प्रायोपवेशन केलं आणि 26 फेब्रुवारी 1966 ला ते गेले. जैन कुटुंबांत सल्लेखना घेतलेल्या आजीचं नाव आजही आदराने निघतं. आळंदीला तर आपण दरवर्षी एका संजीवन समाधीचा सोहळा करतो. थोरांनी अन्न सोडलं की आपण हात जोडतो, आणि आपल्याच आजोबांनी मान फिरवली की "हट्टीपणा करतात" म्हणून नाकात नळी घालायला निघतो. दोन्ही गोष्टी एक नाहीत हे मान्य. विनोबांचा तो विचाराने घेतलेला निर्णय होता, आजोबांचं शरीर थकलेलं आहे. पण थकलेल्या शरीराचंही म्हणणं असतं, आणि ते मावशीला घरातल्या कुणाहीपेक्षा आधी ऐकू येतं. अशा वेळी डॉक्टरांनी सगळ्यांसमोर, तिच्यादेखत, एवढंच सांगायला हवं: आता खाणं त्यांच्या मर्जीने, मागतील तेवढं, नाही तर ओठ ओले ठेवा. या एका वाक्याने त्या खोलीतली रोजची झटापट संपते.

आता रात्रीच्या प्रश्नांकडे येऊ. काळजीवाहक बायकांशी बोलण्याचे प्रसंग मला वारंवार येतात, आणि त्यात एक गोष्ट हमखास निघते: पेशंट मरणाबद्दल बोलतो तो त्यांच्याशी, घरच्यांशी नाही. तीनच्या सुमाराला जाग येते, खिडकीबाहेर काळोख असतो आणि काका विचारतात, "मावशी, आता माझं संपलं ना?"

"असं अभद्र बोलू नये काका. तुम्ही उठून बसणार, मला गेटपर्यंत सोडायला येणार."

हे उत्तर प्रेमाने दिलेलं असतं, आणि बहुधा हुकुमावरूनही. आल्या दिवशीच तिला सांगितलेलं असतं, "बाबांना कॅन्सरचं काही बोलायचं नाही." काकांना मात्र कधीचं कळलेलं असतं. शरीर त्यांचं आहे. बायकोने डोळे पुसून मग खोलीत येणं, मुलाने फोनवर बोलायला गॅलरीत जाणं, हे त्यांना दिसत असतं. आपल्याला कळलंय हे बाकीच्यांना कळू नये म्हणून तेही गप्प बसतात. मग घरभर एक नाटक चालतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याला वाचवत असतो. काकांनी तीन वाजता जे विचारलं त्यात कदाचित धाकट्या भावाचं नाव यायचं होतं, ज्याच्याशी जमिनीवरून वीस वर्षं बोलणं नाही. मावशीच्या गोड उत्तराने ते नाव परत गिळलं गेलं.

तिने काय म्हणायचं? खोटा धीर देऊ नये, आणि डॉक्टरसारखा निवाडाही करू नये. "असं का वाटतंय काका?" एवढं विचारावं आणि गप्प बसावं. मग, "कुणाला बोलवू का? कुणाला भेटावंसं वाटतंय?" हे शिकवता येतं. त्यासाठी पदवी लागत नाही, सराव लागतो. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या 1969 च्या पुस्तकातल्या पाच पायऱ्या आपल्याकडे समुपदेशनाच्या वर्गात पाठ करून घेतात: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. त्या पायऱ्या मुळात मरणाऱ्या माणसांबद्दल मांडलेल्या होत्या; पुढे त्या मागे राहिलेल्यांना चिकटवल्या गेल्या, आणि आता तर कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्येही दिसतात. क्युब्लर-रॉस बाईंनी त्या शोधल्या त्या रुग्णांच्या पलंगाशी खुर्ची ओढून, तासन्‌तास ऐकून. आपण पायऱ्या घेतल्या आणि खुर्ची विसरलो. काळजीवाहकांच्या शिक्षणात मी पायऱ्या वगळून गप्प बसण्याचा तास ठेवीन.

कायद्याची मोठी फजिती होते तीही रात्रीच. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी 'कॉमन कॉज' खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, वैधता दिली. पहिली कार्यपद्धती इतकी किचकट होती की ती कुणाला वापरता येईना. 24 जानेवारी 2023 ला न्यायालयाने ती सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात 2024 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून पायंडा पाडला. आपल्याकडेही सुजाण ज्येष्ठ नागरिक मंडळांत आता व्याख्यानं होतात, नमुने वाटले जातात, लोक भरून ठेवतात.

भरून ठेवतात ते गोदरेजच्या कपाटात. पहाटे काकांचा श्वास बदलतो. दोन-चार खोल श्वास, मग काहीच नाही, मग पुन्हा श्वास. घशात घरघर. पाय गार, गुडघ्यांवर निळसर डाग. जागं कोण आहे? मावशी. हे मरण आहे, आजार नव्हे, हे तिला पाहून पाहून कळतं. पण तिने काही केलं नाही असं उद्या कुणी म्हटलं तर? ब्यूरो काढून टाकील, कदाचित पोलीससुद्धा येतील. ती हाका मारते, घर जागं होतं, कुणीतरी 108 लावतं, आणि तासाभरात इच्छापत्र लिहिलेला माणूस व्हेंटिलेटरवर असतो. तज्ज्ञांनी लिहिलेला, न्यायालयाने मान्य केलेला निर्णय एका घाबरलेल्या बाईच्या खोलीत येऊन कोसळतो, कारण तो तिला कुणी सांगितलेलाच नसतो.

इलाज एका कागदाचा आहे. सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, पलंगाजवळच्या भिंतीवर: श्वास असा झाला तर घाबरू नये, आधी अमुकला फोन, मग तमुकला, अँब्युलन्स बोलवायची नाही, हे थेंब द्यायचे, खाली मुलाची आणि डॉक्टरांची सही. घरी मृत्यू झाल्यावर कारणाचं प्रमाणपत्र कोणते डॉक्टर देणार, हेही त्यातच लिहावं, कारण ते नसेल तर पुढे स्मशानात अडतं. हा कागद पेशंटइतकाच मावशीचंही रक्षण करतो. इच्छापत्राच्या व्याख्यानांत ही गोष्ट सांगितल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आता आक्षेप. मावश्या चोऱ्या करतात, ड्यूटीवर झोपतात, म्हाताऱ्यांवर खेकसतात, दहा घरच्या गोष्टी दहा घरी सांगतात. काही जणी करतात. बंद खोलीत, बोलता न येणाऱ्या माणसावर सत्ता चालवायला मिळाली की काही माणसं बिघडतात. ती नातेवाइकांतही असतात. आपला उपाय म्हणजे कोपऱ्यातला सीसीटीव्ही. तो असू द्या. पण बाई खुर्चीत बसलेली दिसते, तिने काय ऐकलं ते त्या कॅमेऱ्याला दिसत नाही. आणि ती खेकसते तेव्हा तिच्या पाठीमागे काय आहे तेही बघू. चोवीस तासांची ड्यूटी, पलंगाखाली चटई, दर दोन तासांनी उठणं, पगारातून ब्यूरोचं कमिशन, सुट्टी घेतली तर बदली बाई येऊन कामच जाण्याची भीती. नर्सिंग कौन्सिलच्या दृष्टीने ती नर्स नाही. महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण घरातले तिला कामवाल्या बाईतही धरत नाहीत. तिच्याकडून अपेक्षा नर्सच्या आणि वागणूक मोलकरणीची.

मोलकरणीची वागणूक म्हणजे काय हे थोडं उघड बोलायला हवं. आजही कित्येक घरांत तिचा कप वेगळा असतो. कडेला एक चिरलेली बशी, एक स्टीलचा पेला. जिच्या हातून आईच्या तोंडात घास जातो, जिची बोटं आईच्या जिभेवरून फिरतात, तिच्या ओठाला लागलेला कप आपल्याला चालत नाही. पुष्कळ घरांत ब्यूरोवाल्याला आडनाव आधी विचारतात. याला कारण कोणतं, ते वाचकाला सांगायची गरज नाही.

आणि मग माणूस जातो. ब्यूरोच्या भाषेत "पेशंट ऑफ झाला", केस बंद. मावशी अंग पुसते, स्वच्छ कपडे घालते, जबडा बांधते, डायपर आणि नळ्यांचा पसारा आवरते, तोवर नातलग जमायला लागतात. कुणीतरी तिला बाजूला घेऊन महिन्याचे दिवस मोजतं. पैसे हातात पडतात. पुष्कळदा तिरडी बांधून होण्याआधी ती पिशवी उचलून जिना उतरलेली असते. तिला रडायला जागा नसते, कारण ती कुणाची कुणी नाही. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा शोकावर पुस्तक संपादित केलं: ज्या शोकाला समाज अधिकृत मानत नाही, म्हणून तो करणाऱ्याला उघडपणे करता येत नाही. मावशीचा शोक अगदी त्या जातीचा. पुढच्या घरी सकाळी आठला हजर राहायचं असतं. तिथल्या म्हाताऱ्याशी तिला पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते.

पण तिच्या जाण्याने खरी पोरकी होते ती त्या घरातली म्हातारी बायको. कित्येक महिने दुपारचा चहा दोघींनी मिळून घेतलेला, एकच मालिका पाहिलेली, "आज उजव्या कुशीला बरं वाटतंय त्यांना" असं एकमेकींना सांगितलेलं. काकूंच्या आयुष्यातली दोन माणसं एकाच सकाळी नाहीशी होतात, आणि घरातलं कुणी ती दोन म्हणून मोजत नाही. तेरा दिवस घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी भाड्याचा पलंग परत जातो, ऑक्सिजनचं यंत्र परत जातं, मुलगा विमान पकडतो. त्या वेळी काकूंना समुपदेशकापेक्षा गरज असते ती "त्या रात्री काय झालं" हे पुन्हा पुन्हा बोलायला त्या रात्री हजर असलेल्या माणसाची.

परदेशातल्या मुलाचंही तेच. त्याने वडिलांना शेवटचं पाहिलं ते व्हिडिओ कॉलवर, फोन मावशीने धरलेला होता. त्याला पुढे कित्येक महिने दोनच प्रश्न छळतात: बाबांना त्रास झाला का, आणि माझं नाव घेतलं का. मृत्यूच्या दाखल्यासाठी दिलेल्या प्रमाणपत्रावर 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलेलं असतं. त्यात या प्रश्नांची उत्तरं नसतात.

दहाव्याच्या घाटावर तर हे अंगावर येतं. पिंड ठेवलेला असतो, कावळे समोरच्या झाडावर बसलेले, एकही शिवायला तयार नाही. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो. "दादा, धाकटीचं लग्न आम्ही करू." "आईला एकटं ठेवणार नाही." "गावचं घर विकणार नाही." सगळं घर अंदाज बांधत असतं की जीव कशात अडकला असेल. कर्मकांडावर माझी फारशी श्रद्धा नाही, पण या विधीत मागे राहिलेल्यांची केवढी सोय आहे हे दिसतं. मेलेल्याची इच्छा काय होती, या प्रश्नापाशी अख्खं कुटुंब उन्हात उभं राहतं. ज्या बाईला त्याचं उत्तर खरोखर माहीत असण्याची शक्यता आहे, तिला मात्र दहाव्याचं आमंत्रणच गेलेलं नसतं.

उशाशी बसणाऱ्यांना शिकवणं आणि त्यांचं ऐकणं, यातलं काही अशक्य नाही, हे केरळने दाखवलंय. 1993 मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. पुढे तिथे दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी अशा शेजारपाजारच्या माणसांना शिकवून मरणाऱ्यांच्या घरी पाठवायची चळवळ उभी राहिली. 2008 साली राज्याने धोरण केलं आणि पंचायतींच्या पातळीवर नर्स घरोघरी जायला लागल्या. ज्यांनी आयुष्यात रुग्ण हाताळला नव्हता अशांना जे शिकवता आलं, ते रोज रुग्ण हाताळणाऱ्या आपल्या मावश्यांना शिकवता येणार नाही, हे म्हणणं टिकत नाही. आपल्याकडच्या काळजीवाहकांच्या छोट्या अभ्यासक्रमांत उचलणं, पुसणं, नळी सांभाळणं यावर भर असतो. त्यात मरताना शरीरात काय होतं, मरणाऱ्याशी काय बोलायचं, आणि नंतर घरच्यांना काय सांगायचं, हे आलं पाहिजे. शिकलेल्या बाईला त्याप्रमाणे जास्त पगारही मिळाला पाहिजे. तो कुटुंबांनी द्यायचा आहे, आणि आयसीयूच्या एका दिवसाच्या बिलापुढे तो काहीच नाही.

सरकारची वाट न बघता दोन गोष्टी ब्यूरोवाले आणि कुटुंबं आपसांत ठरवू शकतात. पेशंट गेल्यावरचे तीन दिवस मावशीने त्याच घरी यायचं, पूर्ण पगारावर, काम असो-नसो. आणि महिन्याभराने तिने एकदा भेट द्यायची, तीही ड्यूटी धरून. घरच्यांनी तिला दहाव्याला बोलवावं, तेराव्याच्या पंक्तीत इतरांबरोबर बसवावं आणि काय विचारायचं ते तिला विचारावं. याला जीआर लागत नाही. ब्यूरोच्या छापील करारात दोन ओळी वाढवाव्या लागतील. पुढच्या वेळी ब्यूरोला फोन कराल तेव्हा वजन आणि नळी सांगून झाल्यावर, त्या दोन ओळी घाला म्हणून तुम्हीच सांगा.